तांबं किती लागतं

डोळखांब, ता. शहापूर
२२ सप्टेंबर २०२४

चि. भूमी,

गौरी-गणपती झाले, तू आली नायस. तुझी वहिनी तीन दिवस रस्त्याकडं बघत होती. मी तिला म्हटलं, तिचा प्रबंध लिहायचा चाललाय, शेवटचं वर्ष हाय, बोलवू नको. फोन करायचा तर टेकडीवर जावं लागतं आणि तुझं अर्धं बोलणं वाऱ्यात जातं. सव्वीस वर्षं लोकांची पत्रं वाटतोय, तर एक आपल्या माणसाला लिहावं म्हटलं.

एक विचारायचंय. आपल्या वाडीतल्या एका बाईला टीबी निघाला. वय चव्वेचाळीस. आषाढात खोकला लागला तो गेलाच नाय, अंगावरचं लुगडं ढिलं व्हायला लागलं, तवा तालुक्याला नेऊन थुंकी तपासली. आता आशाताई भाग्यश्री आठवड्याच्या गोळ्या आणून देते. गोळी घेतली की बाईला मळमळतं. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली, बाई घाबरून रडायला लागली. भाग्यश्रीनं सांगितलं, गोळीचा रंग हाय, रक्त नाय.

नाव लिहीत नाय. तिनं शपथ घातलीय. लोकांना कळलं तर तिच्या घरच्याच्या हातचं कोण कागदसुद्धा घेणार नाय, अशी आपली माणसं.

तू याच रोगावर शिकतेस ना? सहा वर्षं झाली, पण कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो, जंतू आणि तांबं. पुढचं मला ठाऊक नाय. त्या बाईला धीर येईल असं काय असेल तर लिही. वहिनीची तब्येत ठीक. तुझी आठवण काढते.

तुझा,
पंढरीदादा

*

पुणे
३० सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहा वर्षांत मला घरच्या कुणी पहिल्यांदा विचारलं की तू करतेस काय. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घे.

टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसात जातो. तिथे आपल्या रक्तातल्या राखणदार पेशी असतात, त्या त्याला गिळतात. गिळलं म्हणजे मारलं असं नव्हे. पेशीच्या पोटात एक बंद पिशवी होते आणि जंतू तिच्यात अडकतो. आपण लहानपणी खेकड्याच्या बिळात धूर सोडायचो ना, तशी ती पेशी त्या पिशवीत तांबं सोडते. रक्तातलं तांबं ओढून घेते आणि जंतूवर ओतते. तांबं जास्त झालं की जंतूचं आतलं सगळं काम बिघडतं आणि तो मरतो. आपल्या शरीराचं हे हत्यार लाखो वर्षांचं आहे, दादा. मला अजून त्याचं नवल वाटतं.

पण टीबीचा जंतू बेरकी. त्याला थोडं तांबं हवंच असतं, आमटीत मीठ लागतं तसं. तेवढं तो ठेवतो. जादा झालेलं काही एका प्रथिनात बांधून टाकतो, आणि उरलेलं भिंतीतल्या पंपाने बाहेर फेकतो, शेतात तुंबलेलं पाणी मोटारीने काढावं तसं. म्हणून तो त्या पिशवीत वर्षानुवर्षं जगू शकतो. माझं काम त्या पंपावर आहे. आम्ही जंतूचा पंप मोडला आणि त्याला बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये सोडलं. पंप मोडलेला जंतू तांब्याने मेला. ते आकडे आले त्या दिवशी मी जेवले नव्हते, तरी भूक लागली नाही.

त्या बाईंना सांग, शरीर स्वतः लढतंय. गोळ्या मात्र सहा महिने सोडायच्या नाहीत.

वहिनीला सांग, दिवाळीलाही जमेलसं वाटत नाही. रागावू नको म्हणावं.

तुझी,
भूमिका

*

डोळखांब
४ नोव्हेंबर २०२४

चि. भूमी,

तुझं पत्र मी त्या बाईला वाचून दाखवलं. तिनं तीनदा वाचायला लावलं. खेकड्याच्या बिळाचं ऐकून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली असंल. म्हणाली, आपली पोर एवढी शिकली का. सगळी वाडी तुला आपली पोर म्हणते, म्हणून तसं म्हणाली.

तेव्हापासून तिला तांब्याच्या कळशीतलं पाणी चालू केलंय. रात्री भरून ठेवायची, सकाळी अनशापोटी द्यायचं. कळशी चिंचेनं घासून लख्ख केलीय. आता खोकला कमी हाय, नाचणीची अर्धी भाकरी खाते. गोळ्या घेते, पण उलटी होते. कधी कधी गोळीच बाहेर पडते.

मला एक समजव. जंतू पंपानं तांबं बाहेर टाकतो असं तू लिहिलंस. मग आपण तांबं वाढवत गेलो तर त्याचा पंप थकंल का नाय? मोटार सतत चालवली तर जळते. माणसाला तांबं किती लागतं? किती दिलं तर जंतू हरंल? हे लिही. घाई नाय, पण लिही.

भात कापून झालं. या साली बरं उतरलं. तुझी वहिनी जरा बारीक झालीय, कामानं.

पंढरीदादा

*

पुणे
१२ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

उत्तराला महिना झाला, माफ कर. प्रबंध जानेवारीअखेर द्यायचा आहे आणि मार्गदर्शक बाईंनी दोन प्रकरणं परत लिहायला लावली आहेत. प्रयोगशाळेतून वसतिगृहावर फक्त आंघोळीला जाते.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायला काही हरकत नाही. शरीराला तांबं लागतंच. बाकी सगळं सविस्तर प्रबंध दिल्यावर लिहीन. त्या बाईंना बरं वाटतंय हे वाचून मला फार बरं वाटलं. वहिनीला म्हणावं जपून राहा, सगळी कामं एकटीने ओढू नको.

घाईत,
भूमिका

*

डोळखांब
२३ जानेवारी २०२५

चि. भूमी,

तुझं पत्र पोचलं. हरकत नाय लिहिलंस, जीव भांड्यात पडला.

म्हशाच्या जत्रेला जाऊन आलो. मुरबाडवरनं जीपनं गेलो. तिथं एक औषधवाला बसतो, लांबून येतो. त्याला तुझं पत्र दाखवलं. त्यानं सगळं वाचलं, म्हणाला, तुमची बहीण बरोबर लिहिते, आमच्या जुन्या विद्येत हेच सांगितलंय, पण पाण्यातनं तांबं कितीसं जाणार. त्यानं शुद्ध करून भाजलेली तांब्याची पुडी दिली. शास्त्राला धरूनच हाय म्हणाला.

त्या बाईचं बरं चाललंय. गोळ्यांचा त्रास आता बंद झालाय.

तू दमू नको. आपल्या घरात तुझ्याएवढं कोण शिकलं नाय. तुझी आई, माझी मावशी, असती तर तिनं गावभर साखर वाटली असती.

पंढरीदादा

*

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

प्रबंध दिला. दोन दिवस नुसती झोपले.

त्या बाईंचा गोळ्यांचा त्रास थांबला हे छान झालं. सुरुवातीचे महिने अंगाला सवय होईपर्यंत असं होतं, मग निवतं. फेब्रुवारीअखेर त्यांचा कोर्स पुरा होईल. जत्रेतल्या पुड्यांवर फार विश्वास ठेवू नये, पण तू शहाणा आहेस, तुला काय सांगायचं.

वहिनीसाठी एक नऊवारी घेतली आहे, हिरवी, बारीक काठाची. होळीला येईन म्हणते, पण इथे माझ्या हाताखाली दोन नवी मुलं आली आहेत, त्यांना शिकवायचं आहे. वहिनीला म्हणावं चार ओळी तरी लिही. ती चौथीपर्यंत शिकली आहे, मला पाढे तिनेच शिकवले, मग पत्र का लिहीत नाही?

भूमिका

*

डोळखांब
११ एप्रिल २०२५

भूमे,

मी शकू. पेनशिलीनं लिवते, पेन धरवत नाय. ह्यांना सांगितलं नाय. भाग्यश्री शापूरला जातेय, तिच्याकडं देते, नायतर ह्यांच्याच पिशवीत जाईल नि ह्ये वाचतील.

ती बाय मीच गो.

तुला सांगू दिलं नाय ते मीच. तू सगळं टाकून आली असतीस. तुझी आय गेली तवा तू अकरा वर्साची होतीस, सापगाववरनं तुला आणली, पयल्या रात्री तू माझा पदर धरून झोपलीस. तवाच मी मनात धरलं का हिला मधीच कुठं थांबू देनार नाय. मला पोर झालं नाय त्याचं कायबी वाटलं नाय, तू होतीस.

आता खरं लिवते. गोळ्या मी सोडल्या. ह्ये सोडा म्हनाले नाय. ह्ये म्हनत, गोळी घे नि पुडीबी घे. दोनी पोटात राहत नव्हतं. एक दिस गोळी घ्यायची, दोन दिस नाय, असं करीत होते. मग पुडी आली. सकाळी पुडी घेतली का दुपारपोत वकत बसायची, त्यात गोळी कुठं राहनार. ह्यांनी तुझं पत्र कपाटात ठेवलंय, रोज वाचतात. मला वाटलं दोनातलं येकच राहतंय, तर मी तुझं घेतलं.

भाग्यश्री इचारायची, वयनी गोळी घेतली का? घेतली सांगायची. गोळ्या कुडाच्या खाली पुरल्या.

आता खोकल्यात रगत येतं. डोळं पिवळं झालंत. ह्ये अजून पुडी आनतात, मुरबाडला जातात नि आनतात. मी घेते, नाय घेतली तर ह्ये जेवत नाय.

तू ये. पन ह्यांच्यावर रागवू नको. ह्यांना वाटतं तू सांगितलंस तसंच करतोय.

शकू

*

पुणे
३ मे २०२५

दादा,

मी परत आले आणि प्रयोगशाळेत बसून लिहिते आहे. अंगणात आपलं जे बोलणं झालं ते मी वाढवलं नाही, कारण वहिनी आत ऐकत होती. तू म्हणालास, "तूच लिहिलंस ना, तांब्यानं मरतो. मी काय वेगळं केलं?" मी म्हटलं, "पुढचं पण लिहिलं होतं." तू म्हणालास, "पुढचं मला काय कळतंय. मला कळलं तेवढं मी केलं." मग तू कळशी उचलून आत गेलास.

आता जे लिहिते आहे ते शब्दन् शब्द वाच, आणि नाही कळलं तर भाग्यश्रीकडून समजून घे.

पहिली गोष्ट. तुझ्या पिशवीतून मी पुडी आणली होती ती तपासली. ते तांब्याचं भस्म नाही. तो मोरचूद आहे, भाजलेला. द्राक्षाच्या बागेत चुन्यात कालवून फवारतात तो. एक कणही पुन्हा पोटात जाता कामा नये. उरलेल्या पुड्या खड्ड्यात पुर, विहिरीपासून लांब.

दुसरी गोष्ट. आपण प्यायलेलं तांबं जंतूपर्यंत जातच नाही. जादा असेल ते काळीज, म्हणजे यकृत, पित्तातून बाहेर टाकतं. जंतूला कुठे, किती तांबं द्यायचं हे राखणदार पेशी ठरवते, आपण पाण्यातून किंवा पुडीतून तिला ते देऊ शकत नाही. उलट इतकं तांबं आलं की काळीजच जळतं. वहिनीचे डोळे म्हणून पिवळे आहेत.

तिसरी गोष्ट. तिची थुंकी मशीनवर पुन्हा तपासली. जंतू आता मुख्य औषधाला दाद देत नाही. ऑगस्टमध्ये देत होता. अधूनमधून गोळी मिळत गेली की जे जंतू चिवट असतात तेच उरतात आणि वाढतात. आता दुसरी औषधं लागतील, जास्त महिने, आणि तिचं काळीज ती सोसेल का हे डॉक्टर सांगायला तयार नाहीत.

येत्या गुरुवारी सकाळी रुग्णवाहिका येईल. मी सगळं बोलून ठेवलं आहे. ती नको म्हणेल. ऐकू नको.

भूमिका

*

डोळखांब
६ जुलै २०२५

चि. भूमी,

तेराव्याला तू होतीस, पण आपलं बोलणं झालं नाय. माणसं फार होती. तुला शेवटचे चार दिवस ठाऊक नायत, तू मुंबईला आणखी एका औषधाच्या परवानगीसाठी फिरत होतीस. ते तुला कळायला पायजे म्हणून लिहितो.

वार्डात सगळ्यांच्या तोंडाला फडकी. तिला खिडकीची खाट मिळाली होती. पायाला सूज आली, पोट फुगलं. डॉक्टर पोरगाच होता, तुझ्यापेक्षा लहान असंल. त्यानं मला बाहेर बोलावून सांगितलं, काका, नवं औषध चालू केलं की काळीज आणखी बिघडतं, बंद केलं की फुप्फुस बिघडतं, आम्ही दोन्हीकडून अडकलोत. मी म्हटलं, मग काय करायचं? तो म्हणाला, बसा तिच्याजवळ.

मी बसलो. गावात लावणीची गडबड, आपलं शेत भाच्यानं लावलं. साहेबानं डाक दुसऱ्याकडं दिली.

एका दुपारी ती बरी होती. म्हणाली, "मला चालायला यायला लागलं ना, का आपण पुन्याला जाऊ. भूमी जंतूला तांबं पाजते ती जागा बघायचीय."
मी म्हटलं, "जाऊ."
"कुठनं जायचं?"
"शापूरपर्यंत एसटी. मग आसनगावला रेल्वे धरायची, कल्यानला उतरायचं, तिथनं पुन्याची गाडी."
"तीन गाड्या?"
"तीन."
"तिसरीत मला खिडकी द्या," म्हणाली, आणि डोळे मिटून पडली. जरा वेळानं परत म्हणाली, "तिला सांगू नका हां का आपन येतोय. परस्पर जाऊ."

दुसऱ्या दिवसापासून ती मला ओळखत नव्हती. भाग्यश्रीला आय म्हणत होती. एकवीस तारखेला सकाळी मी चहा आणायला खाली गेलो. नऊ वाजले असतील. वर आलो तर नर्सबाई पडदा ओढत होत्या. चहा हातात होता तो मी तसाच धरून उभा राहिलो. कोणी तरी तो माझ्या हातातनं घेतला.

कपाट उघडलं तर तुझी हिरवी नऊवारी घडीसुद्धा न मोडता ठेवलेली. तीच नेसवली.

तू सांगितलंस म्हणून कुडाखाली उकरून बघितलं. गोळ्या पावसानं विरघळल्यात, नुसत्या चंदेरी पट्ट्या सापडल्या. एकशे तीस गोळ्यांची जागा मोजली आणि मग मोजायचं सोडून दिलं.

पंढरीदादा

*

पुणे
२० जुलै २०२५

दादा,

पंधरा दिवस लिहायला बसते आणि उठते.

माझी तोंडी परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या कामाचा रोग्याला काय उपयोग? मी तयार केलेलं उत्तर दिलं. पुढे कधी तरी हा पंप बंद करणारं औषध निघेल, मग शरीरातलं तांबंच जंतूला मारेल. दहा वर्षं, पंधरा वर्षं. ते म्हणाले, उत्तम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडले.

तुझ्यावर मी अंगणात रागावले होते. मनात अजूनही कधी कधी रागावते, खोटं कशाला लिहू. पण राग घेऊन बसले की माझंच पत्र समोर येतं. पहिल्या पत्रात मी काय लिहिलं? दोन पानं माझ्या कामाची, आणि गोळ्यांची एक ओळ, सगळ्यात शेवटी. वाचणाऱ्याने नवल करावं म्हणून लिहिलं होतं ते. वाडीत एक बाई खरोखर खोकते आहे हे माझ्या डोक्यात नव्हतं.

मग तू विचारलंस, माणसाला तांबं किती लागतं. तो प्रश्न सरळ होता. जो माणूस असा प्रश्न विचारतो तो काही तरी करायला निघाला आहे, हे कुणालाही कळलं असतं. वहिनी बारीक झाली आहे, असंही तू लिहिलं होतंस. मी तीन ओळी लिहिल्या आणि प्रकरण चार दुरुस्त करायला बसले. आणि जानेवारीत तू लिहिलंस की गोळ्यांचा त्रास बंद झाला. मी मळमळ थांबली असं वाचलं. रोग्याचं हे वाक्य नव्या मुलांनी असं वाचलं असतं तर मी त्यांना पुन्हा विचारायला पाठवलं असतं.

तिने लिहिलं होतं, मी तुझं घेतलं. हे मी कुणाला सांगू शकत नाही. तुलाच सांगते, कारण तेवढंच ओझं तुझ्याजवळही आहे.

काम सोडावं असं वाटतं. सोडलं तर काय करू हेही कळत नाही. सकाळी बशा काढते, जंतू मोजते. पंप असलेले जगतात, पंप मोडलेले मरतात. बशीत.

भूमिका

*

डोळखांब
२ ऑगस्ट २०२५

चि. भूमी,

काम सोडू नको. त्याच्यानं कोण परत येत नाय.

दोष कोणाचा ते मी ठरवत बसत नाय. डाक परत माझ्याकडं आलीय. वाटायला निघतो, काही दारं मला बघून लागतात, काहीजण म्हणतात कट्ट्यावर ठेव. तिला याचीच भीती होती. आता भीती राहिली नाय, होतंय ते होतंय.

मला एकच गोष्ट विचारायचीय. पत्रानंच विचारतो, तोंडावर विचारता येणार नाय. मी तिला त्या पुड्या एकोणऐंशी दिल्या. मधात घालून, चाटवून. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती पोट धरून बसायची, कोपऱ्यात, गुडघे छातीशी घेऊन. मी म्हणायचो, जंतू मरतोय म्हणून दुखतंय. तीही म्हणायची, व्हय, मरतोय. तिला ते दुखणं रोगाचं होतं का माझ्या पुडीचं? रोगानं तसं दुखतं का? तू शिकलीस, तुला ठाऊक असंल. माझ्या समाधानासाठी काय लिहू नको. जे असंल ते लिही.

पंढरीदादा

*

पुणे
७ ऑगस्ट २०२५

दादा,

पुडीचं होतं.

टीबी फुप्फुसाचा होता, त्याने असं पोट दुखत नाही. मोरचूद पोटाच्या आतलं अस्तर भाजतो. उलटी होते ती त्याच्यानेच, आणि दुपारपर्यंत टिकते. दुखतं. भाजल्यासारखंच दुखतं. तिला कळत होतं की नाही ते मला सांगता येत नाही. मला वाटतं तिला कळत होतं, आणि तू जेवणार नाहीस म्हणून ती बोलली नाही.

याच्यापुढे लिहायला माझ्याकडे काही नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं. तू विचारलं नसतंस तर मी हे कधीच सांगितलं नसतं, आणि तेही तुझ्याशी खोटंच झालं असतं.

काल भाग्यश्रीने टेकडीवर जाऊन मला फोन केला. तू तीन आठवडे खोकतो आहेस. तिने दोनदा थुंकीची डबी दिली, दोन्ही वेळा तू रिकामी परत केलीस. म्हणालास, पावसाने घसा धरलाय. तुझ्या पत्रात त्याचा एक शब्द नाही.

त्या खोलीत तू तिच्याजवळ दहा महिने झोपलास. तुझ्या छातीत असेल तर कोणता जंतू असेल हे मला माहीत आहे, आणि मे महिन्यापासून तुलाही माहीत आहे. तू डबी का भरत नाहीस हेही मला कळतं. मी तुला समजावणार नाही. समजावणं मला जमत नाही हे आपण दोघांनी पाहिलं.

शनिवारी दुपारच्या एसटीने येते. डबी मी घेऊन येते. तू भरेपर्यंत मी ओट्यावर बसून राहीन.

भूमिका